तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं कादंबरीबद्दल काय सांगतात?

नवे मराठीचे शिक्षक आणि काही पालकही मला नेहमी विचारतात, ‘अभ्यासाला नसलेल्या कादंबऱ्यांवर मुलांशी एवढं काय बोलता? आणि त्यांचं मत चुकीचं असलं तर?’

मी माणदेशात अकरावी-बारावीला मराठी शिकवतो. मुलगा पुस्तक परत द्यायला येतो आणि म्हणतो, ‘सर, लेखकानं ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण केलंय.’ हे वाक्य गाइडातलं. दोष त्याचा नाही, इतकी वर्षं आपण त्याच्याकडून हेच लिहून घेतलं. मी विचारतो, ‘कुठं थांबलास? कुठलं पान परत वाचलंस?’ माझं मत तेव्हा सांगत नाही. सरांना काय आवडतं हे एकदा कळलं की मुलांना तेच आवडायला लागतं.

व्यंकटेश माडगूळकर आमच्याच मुलखातले, माडगूळ्याचे. त्यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) इथल्या मुलांच्या हातात मी आवर्जून देतो. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर ती गोष्ट सांगतो. मुलं शाळेत यायला लागतात, तालीम उभी राहते, मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. यावर मेंढपाळाच्या घरातला एक मुलगा म्हणाला, ‘सर, गाव रिकामं झालं याचं एवढं दुःख कशाला? आमची निम्मी वाडी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडते, पावसाला परत येते.’

असं कुठल्याही समीक्षेत मी वाचलेलं नव्हतं. ते बरोबर की चूक, हे मी बोललो नाही. ‘तुझे लोक जातात ते आणि बनगरवाडीचे जातात ते, यात फरक आहे का, शेवटाकडची पानं परत बघ,’ एवढंच म्हणालो. दोन-तीन दिवसांनी तो व्हरांड्यात गाठ पडला. म्हणाला, ‘आमची माणसं मेंढरं जगवायला जातात. त्यांची मेंढरं आधीच मेली होती, सर.’ मग जरा थांबून, ‘म्हणजे त्यांना परत यायला कारणच उरलं नाही.’

पहिलं मत त्याच्या घरातून आलं होतं, दुसरं घर आणि पुस्तक दोन्हींतून. पहिल्यालाच मी ‘चूक’ म्हटलं असतं तर दुसरं जन्मलंच नसतं. म्हणून मतं दुरुस्त करण्याची घाई मला घातक वाटते.

सगळीच मतं अशी मऊ पडत नाहीत, आणि पडूही नयेत. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) मधला चक्रधर युरोपातून मायदेशी निघालेला, हॅर्टा जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी. बोटीवर प्रेम जमतं. मुंबईला तो उतरतो, ती पुढं जाते. बारावीतल्या एका मुलीनं मला ठणकावून सांगितलं, ‘मला तो माणूस अजिबात आवडला नाही. परिस्थिती वाईट होती हे मान्य, पण त्यानं धडपड तरी किती केली?’ मला चक्रधरची बाजू दिसते आणि मी ती मांडली. युद्धाच्या तोंडावरची वर्षं, निर्वासितांना बंद झालेली दारं, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि खुणेचे कागद घातलेलं पुस्तक माझ्यासमोर उघडलं. त्या पानांवर आमचं बोलणं अजून चालू आहे.