थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांच्या कागदांच्या मागावर: केंटकी ते दक्षिण इंडियाना

अब्राहम लिंकनचे आईवडील म्हणून आज हे जोडपं जगाला माहीत आहे, पण 1806 साली लग्न झालं तेव्हा थॉमस हा एक सुतारकाम करणारा शेतकरी होता आणि नॅन्सी नातेवाइकांच्या घरी राहणारी मुलगी. त्यांचे कागद त्या काळच्या कुठल्याही खेडुताचे असतात तसेच आहेत: एक जामीनरोखा, काही खरेदीखतं, कराच्या याद्या, कोर्टातले दावे. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या ग्रामीण अमेरिकन घराण्याचा शोध घ्यायला शिकायचं असेल, तर सरावाला यांच्याइतकं योग्य जोडपं नाही. प्रत्येक कागद अभ्यासकांनी तपासलेला असल्यामुळे आपण योग्य वहीपर्यंत पोचलो की नाही, ते जागीच ताडून पाहता येतं. सून किंवा जावई अमेरिकन असलेल्या आणि नातवंडांचा वंशवृक्ष दोन्ही बाजूंनी भरू पाहणाऱ्या मराठी घरांना ही वाट विशेष उपयोगी पडेल.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवून निघा. अमेरिकेत कागद काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मुख्य गावी राहतो, आणि काउंटी म्हणजे त्या दिवशीची काउंटी, आजची नव्हे. माणूस पुढच्या गावाला गेला, पुढे काउंटीची फाळणी झाली, तरी वही सहसा जुन्याच कचेरीत राहते. घरून निघण्याआधी प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशीची काउंटी लिहून काढा. निम्म्याहून अधिक वेळ इथेच वाचतो.

मुक्काम लुइव्हिलला ठेवला तर सगळं सोयीचं पडतं, पण पहिला दिवस फ्रँकफर्टला, म्हणजे केंटकीच्या राजधानीला द्यावा. राज्याचं अभिलेखागार आणि केंटकी हिस्टॉरिकल सोसायटीचं ग्रंथालय दोन्ही तिथे आहेत. काउंट्यांच्या जुन्या वह्यांच्या मायक्रोफिल्म एका ठिकाणी पाहायला मिळतात आणि वही-पान क्रमांक हाती घेऊनच पुढे जाता येतं. 1790 आणि 1800 सालच्या केंटकीच्या जनगणनेचे तक्ते नष्ट झालेले आहेत. त्या वीस वर्षांसाठी कराच्या वार्षिक याद्या हाच आधार. त्यात जमिनीचे एकर, जवळचा ओढा, घोडे आणि एकवीस वर्षांवरचे गोरे पुरुष नोंदलेले असतात. एखादं नाव यादीत पहिल्यांदा कधी येतं, यावरून वयाचा अंदाज बांधता येतो, आणि ते कधी गायब होतं यावरून स्थलांतराचा.

फ्रँकफर्टहून दक्षिणेला स्प्रिंगफील्ड, वॉशिंग्टन काउंटीचं मुख्य गाव. इलिनॉयमधलं स्प्रिंगफील्ड वेगळं. नकाशात गाव टाकताना राज्य तपासा. इथलं कोर्टहाउस 1816 सालचं आहे. थॉमस-नॅन्सीच्या लग्नाचा कागद याच काउंटीचा.

हा कागद बरीच वर्षं कुणाला सापडत नव्हता. जोडप्याचा संसार हार्डिन काउंटीतल्या एलिझाबेथटाउनला सुरू झाला, म्हणून सगळ्यांनी तिथल्याच वह्या उलटसुलट केल्या. लग्न लावल्याची नोंदच नाही, अशी कुजबुज त्यातून वाढली. पण केंटकीत लग्नाचा जामीनरोखा नवरीच्या काउंटीत होत असे, आणि नॅन्सी वॉशिंग्टन काउंटीत बेरी कुटुंबाकडे राहत होती. 1878 च्या सुमारास तो तिथेच मिळाला. नवऱ्याकडच्या काउंटीत लग्न सापडलं नाही, तर नवरी कुठे राहत होती ते आधी शोधा. एकोणिसाव्या शतकातल्या ग्रामीण जोडप्यांच्या बाबतीत सर्वात जास्त वेळा हीच चूक होते.

कागद जवळून पाहण्यासारखा आहे. 10 जून 1806 ही तारीख, पन्नास पौंडांचा जामीन, खाली थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी यांच्या सह्या. बेरीच्या सहीपुढे ‘गार्डन’ असं लिहिलंय. त्याला ‘गार्डियन’, म्हणजे पालक, म्हणायचं होतं. त्या काळी लोक कानाला लागेल तसं लिहीत. लिंकन हे आडनाव त्यामुळे लिंकॉन, लिंकर्न, लिंकहॉर्न अशा रूपांतही भेटतं. इंडेक्स पाहताना तोंडाने उच्चार करून जुळेल ते प्रत्येक स्पेलिंग तपासावं.

पन्नास पौंड पाहून कुणी नवरदेव श्रीमंत ठरवू नये. ही रक्कम कुणी मोजून देत नसे. लग्नाला कायद्याची अडचण निघाली तर द्यावी लागेल, एवढाच तो करार. शिवाय जामीनरोखा झाला म्हणजे लग्न झालंच, असंही नाही. लग्न लावणारा पाद्री आपण लावलेल्या लग्नांची यादी क्लार्ककडे, म्हणजे काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवी, ती वेगळी पाहावी लागते. इथे जेसी हेड या मेथडिस्ट पाद्र्याच्या यादीत 12 जून 1806 ही तारीख आहे. वंशवृक्षात 10 जून लिहिणारे बरेच जण भेटतील. ती जामिनाची तारीख. जामीनरोखा, संमतीपत्र असल्यास तेही, आणि पाद्र्याची यादी, असे तिन्ही कागद स्वतंत्र मागा. क्लार्क आपणहून सगळे काढून देईल असं गृहीत धरू नका.

गावाच्या उत्तरेला काही मैलांवर लिंकन होमस्टेड पार्क आहे. नॅन्सी ज्या फ्रान्सिस बेरीच्या घरी राहत होती ते घर आणि थॉमसचा थोरला भाऊ मॉर्डेकाय याचं घर पाहता येतं. तासाभरात होतं.

नॅन्सीच्या माहेराचा प्रश्न मात्र कचेरीत सुटत नाही. तिच्या वडिलांचं नाव सांगणारा त्या वेळचा कागद नाही. आई ल्यूसी हँक्स होती का, यावरही दीडशे वर्षं वाद चालला. 2015 मध्ये आईकडून आलेल्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या तुलनेने ल्यूसीच्या बाजूला बळ मिळालं. वडिलांबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. तेव्हा एखाद्या वेबसाइटवर तिच्या वडिलांचं नाव जन्मतारखेसकट दिसलं, तर ते उतरवून घेऊ नका.

स्प्रिंगफील्डहून बार्ड्सटाउनमार्गे एलिझाबेथटाउन तासाभराच्या अंतरावर. खरं काम इथे आहे, म्हणून कामाचा पूर्ण दिवस ठेवा. हार्डिन काउंटीची खरेदीखतं क्लार्ककडे असतात. विकणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा इंडेक्स वेगवेगळा असतो, दोन्ही पाहावे. विकणाऱ्यांचा कंटाळा करू नका. बाईचं नाव बहुधा त्याच खतात येतं, कारण नवरा जमीन विकताना बायकोला आपला हक्क सोडावा लागे आणि तिची संमती वेगळी विचारून नोंदवली जाई. जनगणनेत 1850 च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यातले आकडे. नॅन्सी 1818 मध्ये गेली, त्यामुळे तिचं नाव एकाही जनगणनेत नाही. ती भेटते ती अशा कागदांतूनच.

थॉमसने 1803 मध्ये मिल क्रीकवर 238 एकर 118 पौंडांना घेतले. 1814 मध्ये तीच जमीन 200 एकर म्हणून 100 पौंडांना विकली. मधले 38 एकर कुणी बळकावले नव्हते, मोजणीतच चूक होती. केंटकीत सरकारने जमीन आधी मोजून मग वाटली नाही. ज्याने त्याने हवा तो तुकडा निवडला आणि चतुःसीमा लिहून घेतल्या: अमुक पांढऱ्या ओकपासून इतके पोल उत्तरेला, तिथून ओढ्यापर्यंत. झाड पडलं की खूण गेली, होकायंत्राची उत्तर दशकागणिक सरकली, आणि एकाच रानावर दोन-तीन पट्टे, म्हणजे सरकारने दिलेल्या मालकीच्या सनदा, चढले. खतातलं वर्णन कागदावर काढून पाहायचं असेल तर एक पोल म्हणजे साडेसोळा फूट आणि चार पोल म्हणजे 66 फुटांची एक साखळी, एवढं लक्षात ठेवा. आलेख काढा, शेवटची रेघ पहिल्या खुणेला येऊन मिळाली नाही, तर नक्कल करताना एखादी बाजू गळली आहे किंवा मूळ मोजणीच चुकली आहे.

त्यानंतर सर्किट कोर्टाचे दावे. सिंकिंग स्प्रिंगची जमीन, जिथे 1809 मध्ये अब्राहम जन्मला, थॉमसने 1808 च्या डिसेंबरात 200 डॉलरला घेतली आणि मालकीच्या वादात गमावली. पुढच्या नॉब क्रीकच्या शेतावरूनही त्याला हुसकावण्याचा दावा झाला. खरेदीखत आहे पण विक्रीचं खत नाही, अशी जमीन दिसली की कोर्टाच्या फायली मागायच्याच. दाव्यात जबान्या असतात, शेजाऱ्यांची आणि भाऊबंदांची नावं असतात. एवढी माहिती दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळत नाही.

कचेरीत जाताना काही गोष्टी पाळा. आदल्या आठवड्यात फोन करून रेकॉर्डची खोली उघडी आहे ना, जुन्या वह्या तिथेच आहेत की अभिलेखागारात गेल्यात, ते विचारा. पेन्सिल न्या, पेन नको. नकलांसाठी सुटे डॉलर जवळ असू द्या. फोटोची परवानगी घ्या आणि आधी वहीचा कणा, मग पान क्रमांक, मग मजकूर या क्रमाने फोटो काढा. घरी आल्यावर नुसत्या पानाचा फोटो कुठल्या वहीतला ते कळत नाही, आणि वहीशिवाय पुरावा अर्धा. शनिवार-रविवार धरून बेत आखू नका, आणि स्थानिक सुट्ट्याही तपासा.

हॉजेनव्हिलला जन्मस्थळाचं स्मारक आहे, प्रवेश मोफत. 56 पायऱ्या चढून गेल्यावर आत जी लाकडी खोपटी दिसते ती त्या काळची नाही. 2004 मध्ये ओंडक्यांची वर्षवलयं मोजली तेव्हा ते लिंकनच्या जन्मानंतरचे निघाले. खाली कातळातला झरा मात्र खरा आहे; तो सावकाश पाहा. हॉजेनव्हिल आज लारू काउंटीत आहे, पण ती काउंटी 1843 ची. लिंकन कुटुंबाचे कागद इथे मागायला जाऊ नका, ते एलिझाबेथटाउनचे. नॉब क्रीक ईशान्येला, US 31E या महामार्गावर, जाता-येता होतं.

इंडियानाला जायला US 60 ने हॉझव्हिल गाठा आणि पुलावरून ओहायो नदी ओलांडून कॅनेलटनला उतरा. लिंकन कुटुंबाने 1816 च्या शेवटी नदी ओलांडली ती तिथून थोडं खाली, ट्रॉयजवळ. हार्डिन काउंटी मागे पडली की पश्चिमेला घड्याळ एक तास मागे जातं, आणि इंडियानाचा हा कोपराही त्याच वेळेवर चालतो, राजधानी इंडियानापोलिस मात्र नाही. कचेरीची वेळ ठरवताना हे विसरू नका. मधल्या गावांत रविवारी जेवण मिळणं अवघड. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर ठेवावा.

लिंकन सिटीला थॉमसचं शेत आहे, आणि इथे जमिनीचा शोध एकदम सोपा होतो. इंडियानात सरकारने आधी मोजून चौकोन पाडले आणि मग विकले. आपल्याकडे गट नंबर सांगितला की शेत सापडतं, तसं इथे सेक्शन, टाउनशिप, रेंज: टाउनशिप आणि रेंजच्या आकड्यांवरून मोठा चौकोन कळतो, आणि सेक्शन म्हणजे त्यातला लहान चौकोन. थॉमसचा तुकडा: सेक्शन 32 चा नैर्ऋत्य चतुर्थांश, टाउनशिप 4 दक्षिण, रेंज 5 पश्चिम, 160 एकर. 15 ऑक्टोबर 1817 ला त्याने व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत 16 डॉलर भरले आणि डिसेंबरात 64. दर एकराला दोन डॉलर, म्हणजे एकूण 320 पैकी चौथा हिस्सा. बाकी त्याला झेपली नाही. 1827 मध्ये पूर्वेकडचे 80 एकर सोडून देऊन त्याने पश्चिमेकडच्या 80 एकरांचा सरकारी पट्टा मिळवला. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर राज्य आणि नाव टाकलं की पट्टे मोफत दिसतात. पण पट्टा हे शेवटचं पान. ज्या जमिनीचे हप्ते थकले तिचा पट्टाच नसतो. म्हणून नाव न सापडल्यास थांबू नका, जमीन कचेरीच्या नोंदवह्या आणि राष्ट्रीय अभिलेखागारातली फाइल मागवा. पट्ट्यासाठी काउंटीची फाळणी आड येत नाही. स्पेन्सर काउंटी 1818 ची, थॉमसची नोंद 1817 ची, तरी सेक्शन तोच.

नॅन्सीची कबर शेताजवळच्या टेकडीवर आहे. 5 ऑक्टोबर 1818 ला ती ‘मिल्क सिकनेस’ने गेली, स्नेकरूट नावाची वनस्पती खाल्लेल्या गाईच्या दुधातून ही विषबाधा होते. आजचा दगड 1879 चा. मृत्यूची नोंद कुठल्याही कचेरीत नाही, कारण त्या काळी इंडियानात तशी नोंद होतच नसे; काउंट्यांमध्ये ती 1882 पासून सुरू झाली. तारीख टिकली ती कुटुंबाच्या बायबलात लिहिली म्हणून. साठ वर्षांनी बसवलेल्या दगडावरची तारीख पुरावा म्हणून धरू नका. ती कुठून घेतली ते शोधा.

जवळच्या लिटल पिजन बॅप्टिस्ट चर्चचं मिनिटबुक, म्हणजे सभांच्या नोंदींची वही, विसरू नका. 7 जून 1823 ला थॉमस तिथे पत्रावरून दाखल झाला, म्हणजे आधीच्या चर्चने दिलेला दाखला घेऊन. अशी नोंद मिळाली की कुटुंब मागे कुठे होतं त्याचा धागा हाती येतो. या चर्चच्या स्मशानात मुलगी सारा पुरलेली आहे. ही जागा स्टेट पार्कच्या हद्दीत येते आणि गाडीमागे प्रवेशशुल्क लागतं. उन्हाळ्यात गवतात गोचिडी आणि झाडांवर पॉयझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी वेल असते, लांब पँट आणि बंद बूट घाला.

थॉमसचा शेवट पाहायचा असेल तर इलिनॉयच्या कोल्स काउंटीत चार्ल्सटनजवळचं शायलो स्मशान. तो 17 जानेवारी 1851 ला वारला. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिणारी पहिली जनगणना 1850 ची, म्हणजे त्याच्या हयातीतली. निघण्याआधी तिचं पान शोधून ठेवा. त्यात दिसणारी बायको दुसरी, सारा बुश जॉन्स्टन, आणि त्या लग्नाची 2 डिसेंबर 1819 ची नोंद पुन्हा एलिझाबेथटाउनलाच आहे. तिथे असतानाच ती काढून घ्या.