चॅटवरच्या गटकामात उत्तर कुणाला आणि कशाला?

मी शिकवते त्या महाविद्यालयातले बरेच विद्यार्थी परभणीच्या आसपासच्या खेड्यांतून एसटीने ये-जा करतात. शेवटची गाडी गाठायची घाई असल्याने तासांनंतर एकत्र बसणे जमत नाही, आणि व्हिडिओ कॉलला गावात रेंज पुरत नाही. म्हणून प्रकल्पाचे गटकाम व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लेखी चर्चेतून होते. या चर्चेला मी दुय्यम मानत नाही. वर्गात गप्प बसणारी मुलगी इथे आपले म्हणणे दोनदा वाचून, दुरुस्त करून मग पाठवते, आणि लाइट गेल्यामुळे उशिरा आलेल्याला झालेले सगळे बोलणे वाचता येते. हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये लेखी संवादाच्या नेमक्या याच दोन जमेच्या बाजू नोंदवल्या होत्या.

परंतु समोरासमोर प्रश्नाच्या पाठोपाठ उत्तर येते, तसे चॅटवर येतेच असे नाही. जायकवाडी धरणाच्या पाणीसाठ्यावर काम करणाऱ्या एका गटात एकाने विचारले, “टक्केवारी २९०९ वर काढायची ना?” त्याच वेळी दुसरीने लिहिले, “आलेख मी काढू का?” तिसऱ्याने आलेखासाठी लिहिलेला “हो” पहिल्याने आपल्यासाठी धरला. २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) हा धरणाचा एकूण साठा. त्यातला ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे तळाशी उरणारे, एरवी वापरता न येणारे पाणी, वगळला की उपयुक्त साठा २१७१ उरतो आणि गटाला टक्केवारी त्यावर हवी होती. हा फरक गटातल्या दोघांना पक्का ठाऊक होता, तरीही सगळा तक्ता चुकीच्या पायावर उभा राहिला.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात जेरी स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चॅटवर गणित सोडवणाऱ्या मुलांच्या गटांचा संदेशागणिक अभ्यास केला. तिथे चॅटशेजारी आकृत्यांसाठी फलक होता, आणि आपला संदेश आधीच्या कोणत्या संदेशाशी किंवा आकृतीच्या कोणत्या भागाशी संबंधित आहे हे बाणाने दाखवण्याची सोय होती. आपल्या मोबाइलवर संदेश बाजूला सरकवून त्यालाच उत्तर देता येते. सोय साधी असली तरी ती वापरायची सवय मुद्दाम लावावी लागते.

म्हणून मी नुसता “हो” किंवा अंगठा चालवून घेत नाही. “हो, आलेख तूच काढ” असे पूर्ण लिहायचे, आकड्यासोबत एकक आणि तो कुठून घेतला तेही द्यायचे, आणि एखादा मुद्दा ठरला की एकाने तो एका वाक्यात मांडायचा. मग बाकीच्यांनी तो स्वतःच्या शब्दांत लिहायचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचे काम हेच आहे, कारण समजले की नाही हे तिथेच उघड होते. लिपीचा आग्रह मी धरत नाही. रोमन अक्षरांत लिहिलेली मराठीही चालते.

गटात मी असते, पण उत्तर सांगत नाही. शिक्षकाने उत्तर टाकले की मुलांचे आपसातले बोलणे तिथेच थांबते. गाडी अडली तर “हे कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?” एवढेच विचारते. गुण देतानाही संदेशांची संख्या मोजत नाही, “थांबा, आपण मृतसाठा धरलाय का?” असे विचारून गटाला पुन्हा तपासायला लावणाऱ्या विद्यार्थ्याला मी जास्त गुण देते.