व्होल्तेराची म्हातारा-म्हातारी

इटलीत फ्लोरेन्सहून व्होल्तेरा या गावाला जाताना कोल्ले दि व्हाल देल्सा इथे बस बदलावी लागते. आमची दुसरी बस डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची येईपर्यंत आई आणि मी स्टँडवर बसून पुण्याहून आणलेल्या दशम्या संपवल्या. गावात पोचेस्तोवर दुपार टळत आली होती. टेकडीवरची करड्या दगडांची घरं आणि टोपी उडवून नेणारा वारा. सिएना पाहून आलेल्याला हे गाव जरा रुक्षच वाटावं.

आम्ही आलो होतो ते ग्वार्नाच्ची संग्रहालयासाठी. मारिओ ग्वार्नाच्ची या धर्मगुरूने १७६१ साली आपला सगळा पुराणवस्तूंचा संग्रह आणि मोठं ग्रंथालय गावाला देऊन टाकलं. आत सहाशेच्या वर अस्थिपात्रं आहेत, तीही रोमनांच्या आधीपासून इथे नांदणाऱ्या एट्रुस्कन लोकांची. अस्थी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मडकं येतं, इथे दगडी पेट्या आहेत. झाकणावर मेलेला माणूस कोपरावर रेलून पडलाय, हातात वाटी, जणू पंगतीत वाढप्याची वाट बघतोय. डोकं भलंमोठं, धड मात्र पेटीत बसेल एवढंच. पुढच्या बाजूला ग्रीक कथा कोरलेल्या, नाहीतर घोड्यावरून शेवटच्या प्रवासाला निघालेला माणूस. अक्षरं उजवीकडून डावीकडे.

एका पेटीवर मातीत घडवलेलं म्हातारं जोडपं आहे. सुरकुत्या, ओघळलेले गाल, काहीही लपवलेलं नाही. बाई नवऱ्याकडे टक लावून बघतेय.

"आणि हा बघ कुठे बघतोय!" आई म्हणाली. "तुझे बाबाही फोटो काढताना असेच."

बाबांच्या अस्थी आम्ही रामकुंडावर सोडल्या, दोन मिनिटांत सगळं संपलं होतं. इथे ही दोघं दोन हजार वर्षं एकाच जागी पडून आहेत. आई त्यांच्यापुढून हलेना. शेवटी मी एकटीच जाऊन 'संध्याकाळची सावली' पाहून आले. हा काडीसारखा लांबवलेला, जेमतेम अडीच वीत उंचीचा काशाचा मुलगा इथला सर्वांत प्रसिद्ध. मला तो फार भिडला नाही.

बाहेर अलाबास्टरच्या एका कार्यशाळेत शिरलो. आत पिठाच्या गिरणीसारखी पांढरी धूळ. संग्रहालयातल्या कितीतरी पेट्या याच दगडाच्या. कारागिराने नखाने ओरखडा काढून दगड किती मऊ आहे ते दाखवलं, मग पातळ कातलेला वाडगा दिव्यासमोर धरला. वाडगा आतून पेटल्यासारखा पिवळा झाला. आईने त्यातला सगळ्यांत लहान घेतला, घासाघीस न करता. हे नवलच.

उतारावर पोर्ता आल्लार्को ही एट्रुस्कन वेस लागते. तिच्यावरची तीन दगडी डोकी झिजून नुसते गोळे उरलेत. १९४४च्या जूनअखेरीस माघार घेणारे जर्मन ती उडवून देणार होते. ते टळावं म्हणून गावकऱ्यांनी रस्त्याची फरसबंदी उखडून त्या दगडांनी वेस बुजवून टाकली. वेस वाचली.

रात्री जेवताना पाव अळणी निघाला. टस्कनीत पावात मीठ घालतच नाहीत म्हणे, आणि याच टेकडीच्या पायथ्याशी मिठाचे कारखाने! आईने पिशवीतून लोणच्याची बाटली काढली आणि वाडगा टेबलावर ठेवला. लोणचं त्यातच वाढलं.