‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळला, तर पुढे काय?

माहिती अधिकाराच्या अर्जांना हल्ली एका ओळीचं उत्तर येतं: ‘मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम 8(1)(ञ) अन्वये देता येत नाही.’ हे उत्तर पूर्वीही यायचं, पण तेव्हा अपिलात ते टिकवणं अधिकाऱ्याला अवघड जायचं, कारण कलमातच तीन अटी होत्या. एक म्हणजे त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसला पाहिजे, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडत असला पाहिजे. दुसरी, व्यापक जनहित असेल तर जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जाला उत्तर देणारा कार्यालयातला अधिकारी, ती देऊ शकत होता. तिसरी माझ्या मते सर्वांत मोलाची: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 च्या कलम 44(3) ने या तिन्ही अटी काढून टाकल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये ती दुरुस्ती लागू झाली आणि आता तिथे ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढाच अपवाद उरला आहे. माहिती अधिकार कायद्याचा कणा काढणारा हा बदल डेटा संरक्षणाच्या विधेयकाच्या शेवटच्या कलमात होता. लोकसभेने ते विधेयक 7 ऑगस्ट 2023 ला आणि राज्यसभेने 9 ऑगस्टला आवाजी मतदानाने मंजूर केलं. 2019 मध्येही असंच घडलं होतं. माहिती आयुक्तांची पाच वर्षांची मुदत आणि वेतन कायद्यातून काढून केंद्र सरकारच्या हाती गेलं, आणि विधेयक प्रवर समितीकडे पाठवा ही राज्यसभेतली मागणी फेटाळली गेली. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, 2002 साली, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, तिथल्या माणसाला हे जास्त लागायला हवं.

सरकारचं म्हणणं असं, की माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(2) शाबूत आहे आणि जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. ते खरं आहे. मात्र 8(2) मध्ये ‘देऊ शकेल’ असा शब्द आहे आणि तो अधिकार ‘सार्वजनिक प्राधिकरणा’ला, म्हणजे त्या कार्यालयाला किंवा संस्थेला आहे. टेबलावर बसलेला जन माहिती अधिकारी तो निर्णय स्वतःच्या अंगावर घेत नाही. म्हणून जनहिताचा मुद्दा पहिल्या अर्जातच लेखी मांडावा लागतो. अपिलात पहिल्यांदा मांडला तर प्राधिकरणाने त्यावर विचारच केला नव्हता, असं होतं.

अर्ज लिहिताना सर्वांत मोठी चूक होते ती माणसाबद्दल विचारण्याची. ‘ग्रामसेवकाने रस्त्याच्या कामात किती पैसे खाल्ले आणि कारवाई का केली नाही?’ हा अर्ज हमखास पडतो. ‘का’ला उत्तर देण्याचं बंधन कायद्यात नाही, आणि व्यक्तीचं नाव आलं की ‘वैयक्तिक’चा शिक्का तयारच असतो. त्याऐवजी कागद मागा: ‘अमुक वस्तीच्या अंतर्गत रस्त्याच्या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक आणि नस्तीतील (फाइलमधील) टिपणी यांच्या साक्षांकित प्रती.’ मोजमाप पुस्तिकेत खडीच्या थराची लांबी, रुंदी, जाडी आणि मोजमाप घेतल्याची तारीख असते. जागेवर टेप लावून ताळा करता येतो. यात कुणाचं खासगी आयुष्य येत नाही. याखाली दोन ओळी जोडा: ‘काम सार्वजनिक निधीतून झाले आहे. एखादा भाग वैयक्तिक वाटल्यास कलम 10 प्रमाणे तेवढा वगळून उर्वरित प्रती द्याव्यात व कलम 8(2) खाली जनहिताचा विचार करावा.’

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे 150 शब्दांचा हवा. ‘साधारणपणे’ हा शब्द नियमातच आहे, तेव्हा 160 शब्द झाले म्हणून कुणी अर्ज परत केला तर तो आडमुठेपणा समजा. विषय दोन झाले तर मात्र पहिल्याच विषयाचं उत्तर मिळतं. जोडपत्र ‘अ’वर, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यावर, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. ही पोच नसेल तर उत्तरासाठीचे 30 दिवस कुठून मोजायचे हेच ठरत नाही. 30 दिवस उलटले तर नकार समजला जातो आणि त्यानंतर माहिती विनामूल्य द्यावी लागते. प्रतींचा दर एरवी पानाला 2 रुपये असतो.

लाभार्थ्यांच्या याद्यांचं काय? रोजगार हमीचं हजेरीपत्रक, घरकुलाची यादी, परवाने, सवलती यांत नावं असणारच, आणि खोटी नावं शोधायची तर नावंच लागतात. मुंबईतल्या ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या घोटाळ्यात एक मोठा प्रश्न सभासद कोण हाच होता. अशा मागणीसाठी कलम 4(1)(ख) चा आधार घ्या. अनुदानाचे लाभार्थी आणि सवलती-परवाने मिळालेले लोक यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो आणि हे कलम दुरुस्तीत बदललेलं नाही. अर्जात उपकलमाचा उल्लेख करा आणि ‘आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल क्रमांक नको’ असं स्वतःच लिहा. गरिबाचा खासगीपणा जपला जातो आणि नकाराचं कारणही गळून पडतं.

नकार आलाच तर पत्रात कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील आहे का ते पाहा, कलम 7(8) प्रमाणे तिन्ही लागतात. पहिलं अपील 30 दिवसांत, 20 रुपयांचा स्टँप लावून करा. त्यात हे वाक्य ठेवा: ‘कलम 19(5) नुसार नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची आहे. मागितलेला कोणता कागद कोणत्या व्यक्तीशी संबंधित आहे, हे नकारपत्रात नमूद नाही.’ राज्य माहिती आयोगाकडे करायच्या दुसऱ्या अपिलाला 90 दिवस आहेत. इथे बरेच जण रागाच्या भरात अपिलाऐवजी कलम 18 ची तक्रार करतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय की त्या तक्रारीत दंड होऊ शकतो, पण माहिती द्या असा आदेश मिळत नाही. कागद हवा असेल तर कलम 19 खालीच जा.

‘नस्ती सापडत नाही’ हे उत्तर आलं तर तो कायद्यातला अपवाद नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 चा उल्लेख करून नस्ती शेवटची कुणाच्या ताब्यात होती, याची नोंद मागा.

राज्य माहिती आयोगाकडे 2024 मध्ये एक लाखाहून जास्त प्रकरणं तुंबली होती, तेव्हा तारीख लवकर लागेल असं धरू नका. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला खुले असतात. ओळखपत्र, कोरी वही आणि हा शासन निर्णय छापून सोबत न्या. नस्तीचे पान क्रमांक वहीत उतरवून घ्या. पुढचा अर्ज ‘पान 14 ते 31’ असा नेमका झाला, की ‘माहिती विस्तृत व संदिग्ध आहे’ हे कारणही देता येत नाही.