तुम्ही विचारलंत म्हणून: दागिने, बॅगा आणि बसचं दार

लग्नसराई जवळ आली की सांगलीत मला हटकून एक प्रश्न येतो. कधी मंडईत, कधी गणपतीच्या देवळाबाहेर, कधी रात्री जेवणं उरकल्यावर फोनवर. "तुम्ही सारख्या बायकांना घेऊन फिरता. दागिने कुठं ठेवता? बॅग कशी भरता? आणि मोबाईलवर काय काय घेऊन ठेवायचं?" आमच्या भिशीतल्या बायकांच्या सहली, भावकीतल्या लग्नांचं जाणं-येणं, तिरुपती, पंढरपूर, ही सगळी जुळवाजुळव बरीच वर्षं माझ्याकडं असते, म्हणून विचारतात. रस्त्यात उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट सांगितलेलं उपयोगाचं नसतं. म्हणून लिहूनच काढते.

बहुतेकींना भीती असते ती रात्रीची, झोपेची, परक्या गावाची. रात्रभर पर्स उशाखाली धरून त्या जाग्या राहतात आणि सकाळी उतरताना पेंगुळलेल्या असतात. मला विचाराल तर वस्तू जाते ती चढता-उतरताना. एसटीच्या दारात, रेल्वेच्या डब्याच्या दारात, रिक्षातून पाय खाली टाकताना. मी सगळी तयारी त्या दोन मिनिटांसाठी करते. त्या दोन मिनिटांत दोन्ही हात मोकळे पाहिजेत आणि कुठलीही चेन, कुठलीही पर्स उघडायची वेळ येता कामा नये.

आमच्या ओळखीतल्या एका मावशींची पाटली अशीच गेली. डाव्या हातात कापडी पिशवी, त्याच हाताच्या मुठीत तिकिटाचे सुटे पैसे. उजवा हात दाराच्या दांडीला. पदर खांद्यावरून घसरतोय, तो दातात धरलेला. मागून दोन बायका "चला हो आजी, चला पुढं" म्हणून रेटतायत. त्यातली एक पिशवीला हात लावून "द्या, मी धरते" म्हणाली. मावशींचं सगळं लक्ष पिशवीकडं गेलं आणि दांडीवरच्या हातातली पाटली कटरनं कापली गेली. आत बसून घाम पुसायला हात वर केला तेव्हा मनगट रिकामं होतं. मावशी बेसावध होत्या असं मी म्हणणार नाही. दोन्ही हात अडकलेले आणि तिसरीकडं लक्ष, अशी कुणाचीही पाटली जाईल.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. बायका मोकळेपणानं फिरायला लागल्या याचा मला मनापासून आनंद आहे. पण लग्नाच्या तिथीला आणि सणाच्या आदल्या दिवशी स्टँडवर दारात जी झुंबड उडते, ती चोराच्या सोयीची असते. म्हणून माझा पहिला सल्ला दागिन्यांचा नाहीच, आरक्षणाचा आहे. लांबच्या गाडीचं आगाऊ आरक्षण करा. सीट नंबर हातात असला की खिडकीतून रुमाल टाकावा लागत नाही, पळावं लागत नाही, सगळे चढले की शेवटी शांतपणे चढता येतं. अंगावर तोळे घेऊन गर्दीत घुसायचं आणि आरक्षणाचे थोडे पैसे वाचवायचे, हा हिशोब मला कधी पटला नाही.

आता सोनं. आधी कमी करा. लग्न दोन दिवसांचं असेल तर कुठल्या साडीवर काय घालणार ते घरीच ठरवा, बाकीचं लॉकरात राहू दे. हळदीला आणि संध्याकाळच्या जेवणाला एक ग्रॅमचे दागिने घातले म्हणून कुणी नाव ठेवत नाही. प्रवासात गळ्यात छोटं मंगळसूत्र, कानात साधे टॉप्स, हातात काचेच्या बांगड्या. गंठण, पाटल्या, ठुशी अंगावर घालून प्रवास नको.

जे न्यायचंच आहे ते एकीकडं ठेवू नका. आपल्याकडं एक खोड आहे. घरातलं सगळं सोनं एका डब्यात, डबा एका पिशवीत, आणि पिशवी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईच्या मांडीवर. कारण काय, तर "त्यांचं लक्ष असतं." अहो, त्यांना गुडघ्याचं दुखणं असतं, चढताना दोन्ही हातांनी आधार घ्यावा लागतो, मध्ये लघवीला उतरावं लागतं. त्यांच्यावर ही जोखीम टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पाटल्या एका जावेकडं, गंठण दुसरीकडं, अंगठ्या मुलाकडं, अशी वाटणी करा. आणि कुणाकडं काय आहे ते एसटीत मोठ्यानं बोलू नका.

अंगावर ठेवायला मी परकराचा आतला खिसा वापरते. त्याची चौकशी फार होते, तर तो कसा शिवायचा ते सांगते. जुन्या सुती साडीचा वीतभर लांब आणि चार बोटं कमी रुंद असा तुकडा घ्यायचा, तो दुहेरी करायचा. परकराच्या नेफ्याखाली, उजव्या हाताच्या बाईनं डाव्या बाजूला, आतून बसवायचा, म्हणजे बसल्यावर तो मांडीवर येतो आणि त्याचं ओझं सारखं जाणवत राहतं. तोंड वरच्या बाजूला, त्याला छोटी चेन, आणि चेनच्या टोकाशी सेफ्टी पिन. तळाला दोनदा टीप मारायची, कारण वजन तिथं येतं. दागिना आधी मलमलच्या फडक्यात गुंडाळायचा, मग खिशात. प्रत्येक दागिना वेगळा गुंडाळला नाही तर ठुशीची तार गंठणात अडकते आणि ऐन मुहूर्ताला सोडवत बसावं लागतं. आमच्या आजीच्या कनवटीला बटवा असायचा, त्याचंच हे रूप. पंजाबी ड्रेस घालणाऱ्या मुलींनी सलवारीला आतून असाच खिसा लावून घ्यावा, शिंपी दहा मिनिटांत देतो.

निघण्याआधी प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा आणि सराफाच्या पावतीचाही. वजन, नक्षी, कुठं डाग दिलाय, सगळं फोटोत दिसू दे. तक्रार द्यायची वेळ आली तर पोलीस पहिल्यांदा वर्णन आणि वजन विचारतात, आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत कुणालाही ग्रॅम आठवत नाहीत. हे फोटो घरी राहणाऱ्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा.

"रेल्वेत चोरी झाली तर रेल्वे भरपाई देत नाही का?" असंही विचारतात. एका व्यापाऱ्यानं कमरेच्या पट्ट्यात १ लाख रुपये बांधून प्रवास केला होता, ते गाडीत चोरीला गेले. ग्राहक मंचानं भरपाई द्यायला सांगितली, प्रकरण वर वर जात राहिलं, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रवाशाला स्वतःची वस्तू सांभाळता आली नाही म्हणून रेल्वेला जबाबदार धरता येणार नाही. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातही, बुक न केलेल्या सामानाची जबाबदारी कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झालं तरच रेल्वेवर येते. त्यामुळं बॅग आपली, तर राखणही आपली, असं धरूनच महालक्ष्मी किंवा हरिप्रिया एक्सप्रेसमध्ये बसा. खालच्या बर्थखाली साखळी अडकवायला कड्या असतात, त्या वापरा. साखळी स्टेशनावर शंभर-दोनशेत मिळते.

बॅगेच्या कुलपावर मात्र फार विसंबू नका. साधी चेन बॉलपेनाच्या टोकानं दातांमधून उघडते आणि स्लायडर फिरवला की पुन्हा बंदही होते, कुलूप जागच्या जागी. म्हणून डिकीत, रॅकवर किंवा बर्थखाली जाणाऱ्या बॅगेत फक्त कपडे. औषधं, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे हे जवळच्या छोट्या बॅगेत, जी मांडीवर किंवा पायाशी राहते आणि जिचा पट्टा अंगावर तिरका असतो.

बॅग भरायची माझी पद्धत साधी. एक साडी, तिचाच ब्लाऊज, तिचाच परकर आणि दोन सेफ्टी पिना, सगळं एका पातळ पिशवीत, वर चिठ्ठी: हळद, लग्न, परतीचं. लग्नघरी एका खोलीत आठ-आठ बायका तयार होत असतात, तिथं बॅग उपसायला जागा नसते. पिशवी काढली की सगळं मिळतं. चटणी, भडंग, धपाटे वेगळ्या पिशवीत. लोणच्याची बरणी कितीही घट्ट लावली तरी तेल सुटतं, ती साडीच्या बॅगेत कधीच नको. आणि मोठी बॅग भरून झाली की स्वतः उचलून जिन्यावरून एकदा खाली-वर करा. स्वतःला उचलत नसेल तर दारात ती दुसरं कुणीतरी उचलणार, आणि तो कोण असेल ते आपल्या हातात नाही.

निघताना नग मोजा आणि तो आकडा सगळ्यांना, पोरांनासुद्धा, सांगा. उतरताना एकीनं आधी खाली जायचं, एकीनं वरून नग द्यायचे, खालचीनं मोजायचे. काळ्या ट्रॉली बॅगा सगळ्यांच्या सारख्याच असतात, हँडलला जुन्या साडीचा काठ बांधा.

विमानाचं थोडक्यात. पॉवर बँक सोबतच्या बॅगेतच न्यावी लागते, सामानात दिलेल्या बॅगेत चालत नाही. लोणचं उलट, ते सोबत चालत नाही. आणि सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत. त्यात तेल असल्यामुळं ते पेट घेण्याजोगं धरतात. लग्नाहून परतताना ओटीतल्या खोबऱ्याच्या वाट्या पुण्याच्या विमानतळावर काढून ठेवाव्या लागल्या की जिवाला लागतं, त्या आधीच पाहुण्यांकडं देऊन या.

आता मोबाईल. अ‍ॅप पुष्कळ आहेत, मला चार-पाच पुरतात. रेल्वेचं रेलवन १ जुलै २०२५ ला आलं, त्यात तिकीट, प्लॅटफॉर्म तिकीट, गाडी कुठं आली ते, सगळं एका ठिकाणी आहे. 'व्हेअर इज माय ट्रेन' मोबाईलच्या टॉवरवरून गाडी कुठं आहे ते दाखवतं, त्यामुळं इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि स्टेशनाआधी गजर लावता येतो. महालक्ष्मी पहाटे सांगलीत येते, तेव्हा हा गजर लाखमोलाचा. बॅगा आधीच दाराजवळ येतात आणि उतरताना घाई होत नाही. एसटीचं आरक्षणाचं अ‍ॅप आहे. डिजिलॉकरमध्ये आधार आणून ठेवा, म्हणजे मूळ कार्ड न्यायला नको. रेल्वेत ते चालतं, पण 'इश्यूड' भागातलं. आपणच फोटो काढून चढवलेलं चालत नाही. मॅपमध्ये जायच्या गावाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या.

हे सगळं घरी, आदल्या रात्री करायचं. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, सीट नंबर कागदावर लिहून घ्यायचा. दारात उभं राहून फोन काढला की हात अडकला, नजर अडकली, आणि फोनच हिसकला जातो. तिकीट आत बसल्यावर दाखवता येतं. एसटीत आता कंडक्टरच्या मशीनवर यूपीआय चालतं, पण मी सुटे पैसे वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवते. गर्दीत मोठी पर्स उघडायची नाही. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात प्रवासापुरतेच पैसे ठेवा, बचतीचं मोठं खातं जोडू नका.

मोबाईलच्या सिमकार्डाला पिन, म्हणजे गुप्त आकडा, लावून घ्या. चोर फोन उघडत बसत नाही, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला यायला लागतात. सिमला पिन असेल तर ते थांबतं. पिन तीनदा चुकला की सिम बंद होतं आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो, म्हणून पहिल्यांदा हे कंपनीच्या दुकानात बसूनच करा. आणि लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली, ती उघडताना 'इन्स्टॉल करा' असं विचारायला लागली, तर ती पत्रिका नव्हे. खरी पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके (apk, म्हणजे अ‍ॅपची फाईल) लिहिलं असेल तर हात लावू नका, मग ती सख्ख्या दिराच्या नंबरावरून आलेली का असेना.

तिरुपतीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. दर्शनाच्या रांगेत मोबाईल नेता येत नाही, काउंटरवर जमा करावा लागतो. म्हणजे नंबर, तिकीट, खोलीची पावती, सगळं त्या फोनबरोबर बाहेर राहतं. हल्ली कुणाला नवऱ्याचा नंबरही पाठ नसतो. म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकीच्या ब्लाऊजमध्ये एक चिठ्ठी असते: दोन फोन नंबर, खोलीचा पत्ता, भेटायची जागा. मग फोनचं टोकन एकीकडं असो की दहा जणींकडं, चुकामूक झाली तरी कुणी रडवेली होत नाही.

एवढं करूनही वस्तू गेली तर घरी येईपर्यंत थांबू नका. रेल्वेत १३९ ला फोन करा आणि टीसीला सांगा. तक्रारीचा फॉर्म त्याच्याकडं असतो, त्यासाठी प्रवास मोडावा लागत नाही. इतर ठिकाणी ११२. गुन्हा कुठंही घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) नोंदवता येतो, "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर मान्य करू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा, तिथं मिनिटांचा फरक पडतो. फोन गेला असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम बंद करा, मग पोलिसांत तक्रार, आणि तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन बंद करून घ्या. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लागतो. तो *#०६# दाबल्यावर दिसतो, पण तेव्हा फोन आपल्याकडं नसतो, म्हणून आजच बघून दागिन्यांच्या पावत्यांबरोबर कपाटात लिहून ठेवा.