तळघरातली बाई

तळघरातल्या बाईची गोष्ट मी बारमागे उभा राहून निदान तीस-चाळीस वेळा सांगितली असेन. दर वेळी थोडा मसाला जास्त. गोष्ट रंगली की गिऱ्हाईक आपला पाइंट उचलताना म्हणायचं, ‘अँड वन फॉर युअरसेल्फ’. इंग्लंडच्या पबात टिपेची पद्धत फारशी नाही. बारवाल्याला एक पेय पाजायचं, हीच तिथली बक्षिसी. आपण ते प्यायचं नाही, तेवढे पैसे फळीवरच्या ग्लासात टाकून ठेवायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या बाईनं माझं फोनचं बिल भरलं. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

पब श्रॉपशर परगण्यात, लडलोपासून बसनं पाऊण तासावरच्या खेड्यात. बर्मिंगहॅमला हॉटेल मॅनेजमेंटचं शिक्षण संपवून दोन वर्षांच्या व्हिसावर मी तिथं लागलो, जेवण-राहण्यासकट. खाली बार, मधल्या मजल्यावर लँडलॉर्ड, म्हणजे पब चालवणारा, आणि त्याची बायको, वर पोटमाळ्यात मी. घर सोळाव्या शतकातलं, ओकच्या तुळयांचा सांगाडा, एकही भिंत ओळंब्यात नाही. माझ्या खोलीत पेन जमिनीवर ठेवलं की आपोआप खिडकीकडे घरंगळायचं. रात्री दोनच्या सुमाराला जिन्यात कुणीतरी एकेक पायरी चढतंय असे आवाज यायचे. पहिले चार दिवस मी पांघरुणात घुसून रामरक्षा म्हटली. मग लक्षात आलं, अकराला हीटिंग बंद होतं आणि दोनपर्यंत लाकूड थंड होऊन आकसतं. ज्या रात्री लँडलॉर्ड हीटिंग बंद करायला विसरायचा, त्या रात्री भूतही सुट्टीवर.

बाकी घाबरायला सामान भरपूर होतं. शेकोटीवरच्या तुळईत थेंबाच्या आकाराच्या जळक्या खुणा आहेत. पाहुण्यांना वाटायचं मेणबत्ती चुकून लागली असेल, पण त्या मुद्दाम, ज्योत तिरकी धरून, सावकाश जाळून केलेल्या. घराला आग लागू नये, चेटूक आत येऊ नये म्हणून. बाजूला कर्कटकानं कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल, आपल्या उंबऱ्यावरच्या रांगोळीसारखं. धुराड्यात लहान मुलाचा एक बूट सापडला होता, तो काचेच्या पेटीत. इंग्लंडात जुन्या घरांच्या भिंतींत असे बूट इतके सापडतात की नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात त्यांची नोंद ठेवतात. धुराड्याचा बंदोबस्त चोख होता. तळघराच्या दारावर मात्र एकही खूण नव्हती, हे लँडलॉर्ड आवाज खाली आणून सांगायचा.

तळघर हे माझं राज्य. लोकांना वाटतं, दांडा ओढला की बिअर येते. कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बिअर, जिवंत असते हो! फर्किन नावाचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. ब्रुअरीतून येतं तेव्हा आतलं यीस्ट अजून कामात असतं. पिंप घोडीवर आडवं ठेवायचं, दोन्हीकडून पाचरा मारायच्या, मग वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची. त्या खुंटीतून फेस फसफसत वर येतो. पुसायचा, थांबायचं, पुन्हा बघायचं. जोर ओसरला की मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची. खालचा नळ एका ठोक्यात बसला पाहिजे, दोन ठोके लागले तर निम्मं तळघर आणि तुमचा शर्ट न्हाऊन निघतो. गाळ खाली बसावा म्हणून बऱ्याच एलमध्ये माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ घातलेला असतो. (हे मी शाकाहारी गिऱ्हाइकांना दुसऱ्या पाइंटनंतर सांगत असे.) तापमान ११ ते १३ अंश. एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवायचं. नळ्या दर आठवड्याला जांभळ्या औषधानं धुवायच्या, आत घाण असली तर ते हिरवं होऊन बाहेर येतं. जांभळं घातलं आणि जांभळंच आलं की मला दिवाळी झाल्यासारखं वाटायचं. माझ्या पदवीच्या पुस्तकात तळघरावर दीड परिच्छेद होता. हे सगळं मला लँडलॉर्डनं शिकवलं, हातात हात धरून, एकदाही न ओरडता. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

लागर या फिकट, थंड बिअरचं वेगळं. तिचा बंद केग, म्हणजे धातूचं पिंप, त्यावर कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा दाब. सिलिंडर कोपऱ्यात साखळीनं बांधलेले. त्यांच्या शेजारी भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, एक पांढरी डबी होती. तिचा प्लग काढून वायर गुंडाळून ठेवलेली.

‘हे काय?’ मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

‘अलार्म. कारण नसताना किंचाळतो,’ तो म्हणाला. हवा बाहेर फेकणारा पंखाही बंद होता, कारण त्या हिवाळ्यात विजेच्या बिलानं पबवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं. मी मान डोलावली. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माणूस मानच डोलावतो.

आता त्या बाईबद्दल. माझ्या आधी तिथं पोलंडची एक मुलगी कामाला होती. ऑक्टोबरमध्ये ती एका दुपारी तळघरातून धावत वर आली, पांढरीफटक, आणि संध्याकाळच्या बसनं निघून गेली. लँडलॉर्ड सांगायचा, खाली कुणीतरी तिच्या छातीवर बसलं, गळा दाबला. बारवरच्या नेहमीच्या म्हाताऱ्यांनी तिला लगेच जुन्या काळातली मोलकरीण जोडून दिली. लँडलॉर्डचा म्हातारा स्पॅनिअल कुत्रा तिसऱ्या पायरीच्या खाली उतरत नसे. ‘जनावरांना कळतं,’ म्हातारे म्हणायचे. आणखी एक गंमत म्हणजे सिलिंडर लवकर संपायला लागले होते. दहा दिवस जाणारा सहा दिवसांत रिकामा. ‘बाई लागर पिते,’ लँडलॉर्ड म्हणायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या मुलीच्या गोष्टीत पांढरा हात मीच घातला. गोष्टींचं नुसतं पेव फुटलं होतं.

पेव. सांगलीच्या माणसाला हा शब्द वापरताना तरी काहीतरी आठवायला हवं होतं. आमच्याकडे हरिपुरात जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. आजोबा त्या कामावर हमाल होते. पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, तास-दोन तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरणार नाही. आजी म्हणायची, पेव माणूस गिळतं. हे सगळं मी लहानपणी शंभरदा ऐकलेलं.

१० डिसेंबर, शनिवार. कतारच्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये इंग्लंड-फ्रान्स उपांत्यपूर्व सामना. आमच्याकडे टीव्ही नाही, गाव ओस पडणार, म्हणून लँडलॉर्डनं त्याच रात्री भूतप्रेमी मंडळींचा एक गट बोलावला होता. तिकीट लावून. आठ माणसं, प्रत्येकाच्या हातात काही ना काही यंत्र. चुंबकीय क्षेत्र मोजणारं, तापमान मोजणारं, न ऐकू येणारे आवाज टिपणारं. हवा मोजणारं एकाकडेही नव्हतं. बाहेर कडाक्याची थंडी, त्यामुळे फुटपाथवर उघडणारी पिंपं उतरवायची दारं गेले चार दिवस घट्ट बंद.

नऊच्या सुमाराला इंग्लंडच्या हॅरी केननं दुसरी पेनल्टी आकाशात मारल्याची बातमी आली आणि पाठोपाठ हरलेलं गाव आमच्या दारात. हरलेला माणूस एल पीत नाही, लागर पितो, आणि भराभर पितो. दहाच्या आत केग संपला. मी खाली गेलो.

केगचं तोंड बदलायला वाकावं लागतं, जवळजवळ बसावंच लागतं. मी बसलो आणि नाकात काहीतरी झणझणलं, सोड्याचा ढेकर नाकातून यावा तसं. मग छाती धडधडायला लागली. श्वास मी घेत होतो, पण पोचत नव्हता. आणि भीती वाटली. कशाची ते सांगता येणार नाही. पाठीमागे कुणीतरी उभं आहे, ते माझ्याकडे बघतंय, आणि आता मी मरणार, हे मला अगदी ठाम माहीत होतं, जसं स्वतःचं नाव माहीत असतं. मी ओरडलो की नाही आठवत नाही. पायऱ्या हातापायांवर चढलो.

वर आलो तेव्हा बार शांत झाला. माझा चेहरा बघून लँडलॉर्ड मोठ्यांदा म्हणाला, ‘भेटली वाटतं!’ आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर टाळ्या. आठही भूतप्रेमी फोन काढून तळघराच्या दारापाशी. लागरसाठी रांग लागलेली, म्हणून लँडलॉर्डच केग बदलायला निघाला. मी त्याची बाही धरली. मला बोलता येईना. आजोबांचा कंदील डोळ्यांसमोर होता आणि त्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना.

शेवटी भुताच्या कार्यक्रमासाठी टेबलांवर ठेवलेला मेणबत्तीचा एक कंदील घेतला, ॲप्रनची नाडी बांधली आणि वरच्याच पायऱ्यांवर उभा राहून कडेनं खाली सोडला. अर्ध्या उंचीपर्यंत ज्योत नीट होती. फरशीजवळ ती लहान झाली, पिवळी झाली, आणि गेली. फुंकर मारल्यासारखी नव्हे, झोप लागल्यासारखी.

माझ्यामागे कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, ‘तिनं विझवली.’

लँडलॉर्डनं मात्र ओळखलं. त्याचा रंग उतरला. तीस वर्षं पिंपं उघडणाऱ्या माणसाला मेणबत्ती काय सांगते ते कळतं. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो पाण्यासारखा खाली साचतो आणि कुत्र्याचं नाक जमिनीपासून फूटभरच असतं. फुटपाथची दारं उघडली, पंखा लावला. मध्यरात्रीनंतर कंदील पुन्हा सोडला, तो टिकला, मग लँडलॉर्ड स्वतः उतरून सिलिंडर बंद करून आला. मला जाऊ दिलं नाही. खरं म्हणजे आम्ही अग्निशमन दलाला बोलवायला हवं होतं. ज्योत तगते तेवढ्या गॅसनंही माणूस आडवा होऊ शकतो, हे मला नंतर कळलं. पण घर भरलेलं होतं, आणि शनिवार होता.

सोमवारी गॅसवाल्यांचा माणूस आला. त्यानं सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं, आणि एका जागी फुगेच फुगे. वॉशर कुजलेला. आमची आई सांगलीत सिलिंडर बदलला की हेच करते. अलार्मचा प्लग परत लागला. लँडलॉर्डनं मला विचारलं, हे आपल्यातच ठेवशील का. मी हो म्हटलं. नाताळला त्यानं मला टर्कीची तंगडी आणि लोकरीचे हातमोजे दिले. एप्रिलपर्यंत मी तिथं होतो.

नंतर वाचनात आलं. अमेरिकेत एक बाई आहे, संशोधक तिला फक्त एस. एम. म्हणतात. मेंदूतला भीतीचा भाग, अमिग्डला, तिचा दोन्ही बाजूंनी निकामी. सापाची भीती नाही, चाकूची नाही. तिला केंटकीतल्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयातल्या भूतबंगल्यात नेलं तर ती हसत पुढे चालली, आणि भुताच्या सोंगातल्या माणसाला बोट टोचून तिनंच दचकवलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला आणि तसाच आजार असलेल्या दोन जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या हवेचा एकेक श्वास दिला. तिघीही भयानं हादरल्या. मला तेवढ्यावरून कळलं की त्या रात्री पाठीमागे कोण उभं होतं.

मेणबत्ती विझतानाचा व्हिडिओ अजून फिरतो. त्यात माझा हात आणि ॲप्रनची नाडी दिसते. खाली लोक भांडतात, खरं की खोटं. गॅस हा शब्द कुणीच लिहीत नाही. मीही लिहिला नाही.

पाळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्या पोलिश मुलीचा नंबर तसाच राहिला होता. पब सोडून वर्ष झाल्यावर मी तिला लिहिलं. मी कोण ते सांगितलं, सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी लिहिलं की ते भूत नव्हतं, गॅस होता. तुझी चेष्टा करणाऱ्यांत मीही होतो, त्याबद्दल माफ कर.

दोन दिवसांनी उत्तर आलं.

‘भूत मी कधी म्हटलं? खाली हवा नाही, एवढंच म्हटलं होतं. दोनदा. माझा एका आठवड्याचा पगार त्याच्याकडे राहिलाय. त्याचा नवा नंबर आहे का?’

मी नंबर पाठवला.