पीडीएफ उघडेना, आणि होस्टिंगवाले म्हणे ब्राउझर बदला

होस्टिंग कंपनीच्या सपोर्टने "ब्राउझर बदलून बघा" असं सांगितलं, की त्यांच्याशी वाद घालत बसू नका. आधी हेडर, म्हणजे सर्व्हर फाइलच्या आधी पाठवतो ती माहिती, बघा. एवढं जरी मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं, तरी निम्मा मनस्ताप वाचला असता.

आमच्या वाचनालयाने जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून साइटवर ठेवले आहेत. होस्टिंग बदललं तेव्हा डोमेन, पैसे, फायली हलवणं हे सगळं सुरळीत पार पडलं. अंक एका वेगळ्या सबडोमेनवर (त्याच डोमेनखालच्या उपपत्त्यावर) गेले आणि तिथून फोन सुरू झाले. "अहो, अंक उघडला की नुसतं गिचमिड येतंय," एक निवृत्त शिक्षक सांगत होते. "वर टक्क्याचं चिन्ह, पुढे पीडीएफ, मग सगळे चौकोन आणि प्रश्नचिन्हं." काही अंकांचं असं होत होतं, तर काही अंक न उघडता थेट डाउनलोड होत होते. मुखपृष्ठांची चित्रं मात्र सगळ्यांना नीट दिसत होती.

सपोर्टकडे तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकलं. पहिलं उत्तर आलं, कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रती) क्लिअर करा. केली. मग दुसरा ब्राउझर वापरा. वापरला. मग, "सर, आपकी फाइल ही करप्ट है." फाइल करप्ट असती तर जुन्या सर्व्हरवर इतकी वर्षं कशी उघडली असती? हे विचारल्यावर त्यांच्याकडच्या एकाने अंक डाउनलोड केला, स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडला, स्क्रीनशॉट पाठवला आणि "इश्यू नॉट फाउंड" असा शेरा मारून तिकीट बंद केलं. मी ते पुन्हा उघडलं. नव्या माणसाने पुन्हा कॅशेपासून सुरुवात केली.

त्या स्क्रीनशॉटचा मला अजून राग येतो, कारण त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. कॉम्प्युटरवर डबल-क्लिक केलं की विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट बघून ती कशात उघडायची ते ठरवतं. वेबवर तसं नसतं. सर्व्हर फाइलच्या आधी एक छोटी चिठ्ठी पाठवतो, ती म्हणजे कंटेंट-टाइप हेडर. पीडीएफसाठी तिथे 'अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ' असायला हवं. पत्त्याच्या शेवटी डॉट पीडीएफ असलं तरी ब्राउझर चिठ्ठीचंच ऐकतो. आमच्या फायलींच्या चिठ्ठीत 'टेक्स्ट/प्लेन' होतं, म्हणजे साधा मजकूर.

हे बघायला कुणाची परवानगी लागत नाही. एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिलोड करा, फाइलच्या नावावर क्लिक करा आणि रिस्पॉन्स हेडर्समध्ये कंटेंट-टाइपची ओळ शोधा. तिचा स्क्रीनशॉट तिकिटाला जोडा.

मग काही अंक गिचमिड आणि काही डाउनलोड, हे कसं? मला हे कोडं सुटलं तेव्हा खरंच आनंद झाला. पूर्वी अपाची हा वेब सर्व्हर प्रोग्राम अनोळखी फायलींवर सर्रास 'टेक्स्ट/प्लेन' असं लिहून द्यायचा. म्हणून ब्राउझर आजही या एका चिठ्ठीवर पूर्ण विश्वास ठेवत नाहीत. ते फाइलचा सुरुवातीचा तुकडा तपासतात. ब्राउझरने फाइलचा प्रकार कसा ओळखावा याच्या मानकात त्याची मर्यादा १४४५ बाइट्स दिली आहे. त्यात मजकुरात कधी येत नाहीत असे बाइट्स सापडले, तर 'हा मजकूर नाही' म्हणून फाइल डाउनलोडला टाकतात. आमच्या ज्या अंकांत स्कॅनचं चित्र अगदी सुरुवातीलाच होतं, ते डाउनलोड झाले. ज्यांच्या सुरुवातीला लांबलचक अक्षरी माहिती होती, ते मजकूर समजून पडद्यावर ओतले गेले.

फाइल टक्का-पीडीएफने सुरू होते हे ब्राउझरला दिसत असतं. चिठ्ठी मुळीच नसती, तर तेवढ्यावरून त्याने ती पीडीएफ म्हणून उघडलीही असती. पण 'मजकूर' असं लिहून आलेल्या फाइलला पीडीएफ किंवा एचटीएमएलचा दर्जा द्यायचा नाही, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. जुना इंटरनेट एक्सप्लोरर पहिले २५६ बाइट्स बघून स्वतःच्या मनाने ठरवायचा. त्यामुळे चित्र म्हणून चढवलेल्या फाइलमध्ये कुणी स्क्रिप्ट लपवली, तर ती चालवली जायची. शेवटी २००८ साली मायक्रोसॉफ्टनेच आठव्या आवृत्तीसाठी 'नोस्निफ' हेडर आणला, म्हणजे अंदाज बांधू नका असा ब्राउझरला हुकूम. आमच्या सपोर्टने मध्येच "सिक्युरिटी वाढवतो" म्हणत तोच चालू केला, आणि डाउनलोड होणारे अंकही गिचमिड दिसायला लागले. नोस्निफ चांगलाच आहे, पण आधी चिठ्ठ्या दुरुस्त करायच्या आणि मग तो लावायचा.

पुढचा सल्ला होता, .एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये अ‍ॅडटाइपची ओळ टाका, म्हणजे कुठल्या फाइलचा प्रकार काय ते सर्व्हरला सांगा. टाकली, काही फरक नाही. कारण ती फाइल अपाची वाचतो, आणि आमच्या सबडोमेनवरच्या फायली एन्जिनएक्स हा दुसरा सर्व्हर प्रोग्राम परस्पर देत होता. तो .एचटीअ‍ॅक्सेसकडे बघतही नाही. हे मला सर्व्हर हेडरच्या ओळीवरून कळलं. सर्व्हर त्यांचा, आणि तिथे काय चालतं हे ग्राहकाने त्यांना सांगायचं!

खरं कारण मुखपृष्ठांनी दाखवलं. एन्जिनएक्सला प्रकारांची यादी जोडलेली नसेल, तर त्याला मुळात एचटीएमएल, जीआयएफ आणि जेपीजी एवढेच प्रकार ठाऊक असतात, बाकी सगळ्याला तो 'टेक्स्ट/प्लेन' म्हणतो. आमची मुखपृष्ठं जेपीजी होती आणि फक्त त्यांचीच चिठ्ठी बरोबर येत होती. म्हणजे या सबडोमेनच्या कॉन्फिगमध्ये माइम-टाइप्सची, म्हणजे फाइल-प्रकारांची, यादी जोडायची राहिली होती. मी मुखपृष्ठाचं आणि अंकाचं हेडर शेजारी शेजारी लावलं, कुठली ओळ नाही ते लिहिलं आणि तिकीट वरच्या पातळीवर पाठवा असं ठामपणे सांगितलं. उत्तर आलं, "डन." बस्स, एवढंच. अंक उघडायला लागले. त्या दिवशी मला जी धन्यता वाटली ती मी लपवणार नाही.

कॅशे साफ करायचा सल्ला दुरुस्तीनंतर मात्र उपयोगी आहे. ब्राउझर फाइलबरोबर जुनी चिठ्ठीही जपून ठेवतो, त्यामुळे वाचकांना कंट्रोल-एफ-५ दाबायला सांगा.

आणि हो, वर्डच्या डॉक्स (.docx) फायली ठेवत असाल, तर त्यांच्या चिठ्ठीकडे जास्त लक्ष द्या. त्या आतून झिपच असतात आणि पीके या दोन अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे नुसत्या बाइट्सवरून ब्राउझर त्यांना झिपच समजणार.

आमची अंकांची सूची साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे. तिची चिठ्ठी बरोबर असूनही मराठी अक्षरांच्या जागी भलतीच रोमन अक्षरं येत होती. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्सचं असतं. चिठ्ठीत 'कॅरसेट', म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत त्याचं नाव, दिलेला नसेल आणि ब्राउझरने चुकीचा अंदाज बांधला, तर प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर होतं. म्हणून तिकीट टाकताना यादीबरोबर कॅरसेट यूटीएफ-८ सुद्धा मागून घ्या. मला त्यासाठी वेगळं तिकीट टाकावं लागलं, आणि त्याचंही पहिलं उत्तर कॅशे क्लिअर करा असंच होतं.